लेखकाचा धर्म, वाचकाचा धर्म

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर. जळगावकरांनी या कवीला नेहमी आपल्या घरचेच मानले. संमेलनास जाऊ नका, असे त्यांना धमकावण्यात आले. कारण एवढेच की, अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो या कॅथलिक धर्मगुरूंची निवड झाली होती. महानोर गेले. प्रकृती साथ देत नसतानाही दिब्रिटो गेले. महानोर २०२३ मध्ये आणि दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्या वेळी उठलेला प्रश्न मात्र मिटलेला नाही.

साहित्याच्या व्यासपीठावर धर्मगुरूचे काय काम, असा आक्षेप होता. वस्तुतः मराठी वाङ्मयाचा पायाच महानुभाव संन्याशांनी आणि वारकरी संतांनी घातला. त्या धर्मनिष्ठ वाङ्मयाचा ज्यांना यथार्थ अभिमान आहे, त्यांनीच साहित्यात धर्म नको म्हणावे, हे तर्काला धरून नाही. आक्षेप धर्माला नव्हता. तो विशिष्ट धर्माला होता. १६१६ साली ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापणारे फादर स्टीफन्स मराठीचे, आणि वसईच्या मातीत जन्मलेले, वसईची हिरवाई वाचविण्यासाठी बिल्डरशाहीशी झुंजलेले, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणारे दिब्रिटो मात्र परके, हा न्याय कोणता?

खानदेशची परंपरा तरी निराळी आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हाच मुलगा पुढे नगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी राहिला. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले, प्रॉटेस्टंट पंथाचे. त्या घरात राहून बालकवींचा धर्म बुडाला नाही; मराठी कविता मात्र श्रीमंत झाली. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त या मुलाविषयी किती मायेने लिहिले आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच.

आत्मकथनाला मिळालेला हा जिव्हाळा कॅथलिक जीवनावरील कथा-कादंबरीच्या वाट्याला का येऊ नये? वसईत सामग्रीची वाण नाही. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेला आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतल्यावरही तेथेच राहिलेला हा शेतकरी, कोळी समाज. क्रुसाखालीही शिल्लक राहिलेले जातिभेद, पापनिवेदनाच्या कोठडीत दबलेली गुपिते, वाडी विकून इमारत उभी राहताना घरात पडणारी फूट, असा हा ऐवज कोणत्याही कादंबरीकाराला पुरून उरेल.

परंतु या विषयाला हात घालणाऱ्या लेखकावर दुहेरी पहारा असतो. बाहेरचा पहारेकरी म्हणतो, हा धर्मप्रचार आहे. आतला म्हणतो, आपली उणी परक्यांच्या चव्हाट्यावर का मांडतोस? ज्या समाजाकडे सतत संशयाने पाहिले जाते, तो आपल्या लेखकाकडून सत्याऐवजी निष्ठा मागू लागतो. हे केवळ येथेच घडते असे नाही. मद्यपी धर्मगुरूला नायक करणाऱ्या ग्रॅहॅम ग्रीन यांच्या १९४० च्या कादंबरीवर १९५३ मध्ये व्हॅटिकनची नाराजी ओढवली. जपानमध्ये शुसाकू एन्दो यांची १९६६ ची ‘सायलेन्स’ अनेक कॅथलिकांनाच रुचली नाही. दोन्ही कादंबऱ्या टिकल्या. पहारेकरी विस्मरणात गेले.

तिसरा पहारेकरी आपल्याच छावणीत आहे, हे कबूल केले पाहिजे. कथेत वारी आली की आम्ही तिला लोकसंस्कृती म्हणतो. मिस्सा आली की कपाळाला आठ्या पडतात. हा इहवाद नव्हे. बहुसंख्याकांच्या सवयीला इहवादाचे नाव दिले, इतकेच.

या पूर्वग्रहाला अर्थशास्त्रही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या शंभरात एकही भरत नाही. ख्रिस्ती पात्रांची कादंबरी फक्त ख्रिस्तीच वाचणार, असे प्रकाशक गृहीत धरतो. मग ती चर्चच्या आवारात छापली जाते, तेथेच विकली जाते आणि तालुक्याच्या वाचनालयात पोचतच नाही. पोचली नाही म्हणून वाचली जात नाही, आणि वाचली जात नाही म्हणून मूळचे गृहीत खरे ठरते. पूर्वग्रह आपला पुरावा असा स्वतःच तयार करतो. शिव्यांपेक्षा ही मुकाट उपेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही.

निषेधाचा ठराव येथे पुरेसा नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. तो पैसा सर्व नागरिकांचा आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आपले अनेक कार्यकर्ते वाचनालयांच्या समित्यांवर आहेत. पुढील खरेदीच्या यादीत वसईच्या लेखकांची पुस्तके त्यांनी घालावीत. आणि ती ‘धर्म’ या कपाटात न ठेवता कथा-कादंबऱ्यांच्या फळीवर, खांडेकर-नेमाड्यांच्या शेजारी ठेवावीत. चांगली नसतील तर कठोरपणे नापसंत करावीत. तो वाचकाचा हक्कच आहे. न वाचता नाकारण्याचा हक्क मात्र कोणालाही नाही.

१९८४ मध्ये जळगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद शंकरराव खरातांनी भूषविले. गावकुसाबाहेरचे जगणे लिहिणाऱ्या लेखकाला तेथे अध्यक्षाची खुर्ची मिळाली. ते उपकार नव्हते, मराठीने आपले अंगण थोडे मोठे केले होते. ज्या अमळनेरात साने गुरुजींनी मुलांना शिकवले, त्या प्रदेशाला हे अंगण आणखी मोठे करणे जड जाऊ नये.