इन्स्पेक्टर खरा की खोटा?

जे. बी. प्रिस्टले यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकाची चर्चा निघाली की समीक्षक एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहतात : हा इन्स्पेक्टर गूल आहे तरी कोण? भूत, देवदूत, की लेखकाच्या मतांचा भोंगा? हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. नाटकात तो कारखानदार बर्लिंगलाच सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण जबाबदारीतून निसटण्याची तीच एक वाट त्याच्यापाशी उरलेली असते.

कथानक १९१२ मधले. बर्लिंगच्या घरी मुलीच्या वाङ्‌निश्चयाची मेजवानी चालू असता इन्स्पेक्टर येतो आणि ईव्हा स्मिथ या तरुणीने जंतुनाशक पिऊन जीव दिल्याचे सांगतो. मग एकेकाचा वाटा उघड होतो. आठवड्याला साडेबावीसऐवजी २५ शिलिंग मागणाऱ्या संपात ती पुढे होती, म्हणून बर्लिंगने तिला काढले. मुलीने तिची दुकानातली नोकरी घालवली. भावी जावयाने तिला आसरा दिला, उपभोगले आणि सोडले. मुलापासून ती गरोदर राहिली. धर्मादाय समितीतल्या मालकीणबाईंनी तिचा अर्ज फेटाळायला लावला.

पुढे इन्स्पेक्टर तोतया असल्याचे कळते. त्याने प्रत्येकाला वेगळ्याच मुलीचे छायाचित्र दाखवले असेल, असा तर्क जावई लढवतो आणि सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. काय हे गणित! मुलगी एक नसून पाच असतील, तर अपराध नाहीसा होतो की पाच जणींचा होतो? एकाच मुलीशी पाचही जणांची गाठ पडावी, हा योगायोग न पटणाऱ्या समीक्षकांनीही याचे उत्तर द्यावे.

उदारमतवादी मंडळी या नाटकातून ‘माणसाने माणसाशी दयेने वागावे’ एवढाच बोध काढतात. पण ईव्हाची परवड मजुरीच्या प्रश्नापासून सुरू होते. अडीच शिलिंगांची वाढ म्हणजे नववा हिस्सा, सुमारे ११ टक्के. बर्लिंग ती १२ टक्के सांगतो आणि खर्च रोखणे हे आपले कर्तव्य मानतो. त्या अडीच शिलिंगांत ईव्हाचा पुढचा सारा प्रवास टळला असता. दया तर बर्लिंगीणबाईंच्या समितीकडेही होती. मात्र ती कोणाला द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच हाती होता!

हे नाटक प्रथम १९४५ मध्ये सोव्हिएत रशियात आणि १९४६ मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आले. १९४५ च्या निवडणुकीत ब्रिटिश मतदारांनी मजूर पक्षाला सत्ता दिली. १९४६ मध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि जुना दरिद्री कायदा संपुष्टात आला. धर्मादायाच्या जागी हक्क आला. हे काम बर्लिंगांच्या हृदयपरिवर्तनाने झाले नाही. ते मतपेटीने आणि संघटनेने केले.

कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इन्स्पेक्टर येतो तो ईव्हाचा संप मोडल्यावर, तिला साऱ्यांनी झिडकारल्यावर. तो जाब विचारतो, पण तिला भाकरी देऊ शकत नाही. संपाच्या पहिल्या आठवड्यात तिच्या पाठीशी कोण उभे होते, हा खरा प्रश्न आहे. नाटकाच्या अखेरीस दूरध्वनी खणखणतो : एक तरुणी आताच मेली असून खरा पोलीस अधिकारी निघाला आहे. गूढ पाहुण्याची वाट पाहणारी चळवळ नेहमी उशिराच पोहोचते. ईव्हा जिवंत असतानाच तिच्या दारी जाणे, हेच समाजवाद्यांचे काम!