डबीच्या पाठीमागे
भाचीने केशराचं क्रीम आणलं. डबीवर ऐटदार जांभळं फूल आणि मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटकांची यादी. ती वाचायची माझी जुनी खोड. नियम असा की जास्त प्रमाणातला घटक आधी, कमी प्रमाणातला नंतर. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र शेवटी हव्या त्या क्रमाने लिहिता येतात. पहिलं नाव ‘ॲक्वा’, म्हणजे साधं पाणी. दुसरं ग्लिसरीन: ओलावा धरून ठेवणारं, स्वस्त आणि खरोखर गुणाचं, म्हणूनच बहुधा त्याला कुणी डबीवर मिरवत नाही. पुढे फिनॉक्सीइथेनॉल दिसलं की मी थांबते. क्रीम नासू नये म्हणून ते घालतात (त्याला उगाच भिऊ नये, पाणी असलेल्या क्रीमला एरवी बुरशी धरेल) आणि त्याची मर्यादाच १ टक्का. म्हणजे त्याच्यामागे रांगेत जे जे उभं, ते सगळं १ टक्क्याच्या आतलं. केशर त्याच्याही मागे, सुगंधानंतर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! गंमत म्हणजे यादीच्या मध्यावर ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ होतं. भाचीला वाटलं, काहीतरी परदेशी. अगं, हे कोकमाच्या बियांचं तेल, आपलं भिरंडेल! कोकणात आजी त्याचा गोळा चुलीपाशी पातळ करून भेगाळलेल्या टाचांना चोळायची, तेच. भाचीने डबी पुन्हा उलटून पाहिली आणि विचारलं, “आजीच्या फडताळात असेल का गं अजून?”