इतिहासाचा तास आणि घरातला मोबाईल

इतिहास म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी, अशी मुलांची तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नाही. आता शाळेत पडदा आला, घरोघरी मोबाईल आला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते छापले जाऊ लागले. 2020 साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक पुरस्कार मिळाला.

या साधनांचा उपयोग मोठा आहे. चाकणच्या संग्रामदुर्गाला 1660 साली शायिस्ताखानाने घातलेला वेढा आणि फिरंगोजी नरसाळ्यांची झुंज हलत्या नकाशावर दाखवली, तर ती मुलांच्या मनात ठसते. बीबीसीने 1955 साली घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत आज मोबाईलवर ऐकता येते. भिंतीवरच्या तसबिरीत त्यांना पाहणाऱ्या मुलांनी त्यांचा आवाजही ऐकावा.

परंतु मुले नुसती पाहत बसली तर करमणूक होईल, अभ्यास होणार नाही. तोच मोबाईल आवाज टिपूनही ठेवतो. मौखिक आणि दृक्-श्राव्य साधनांची माहिती शाळेच्या पुस्तकात आहेच. ती गोळा करण्याचे काम मात्र मुलांना क्वचितच मिळते.

आपल्या भागात हे काम तातडीचे आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांच्या हस्ते, रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. त्या दिवशी आईचे बोट धरून आलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या पुढे आहे. माणसे कोणत्या गावांहून आली, पायी की गाडीने, भाकरी कोठे सोडली, हे त्यांनाच ठाऊक. त्याच 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखान्यांमागून कारखाने आले आणि गाव सोडून कुटुंबे येथे आली. पहिली खोली, पहिला पगार, मुलीला शाळेत घालताना झालेली ओढाताण, हाही इतिहासच आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनी प्रत्येक मुलाला एका वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायला सांगावे. आधी परवानगी घ्यावी. पंखा, टीव्ही बंद करावा. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्यावी. प्रश्न छोटा विचारावा आणि आजीला मध्येच तोडू नये. साल चुकले तर वाद घालू नये. नंतर दुसऱ्या माणसाचे बोलणे, जुना फोटो, शाळेचा दाखला यांच्याशी ते पडताळून पाहावे. पुरावा तपासणे मुले यातूनच शिकतील. मुलाखतीची एक प्रत घरी आणि एक शाळेत ठेवावी, कारण मोबाईल बिघडतो, हरवतो.

माता-पित्यांनो, घरात असे कोणी असेल तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. येत्या रविवारीच नातवाला त्यांच्याजवळ बसवा.