पिकअप घ्या, पण आधी भाडे पक्के करा



बंदीचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बांधलेले. जाळी शिवणे, इंजिन खोलणे दरवर्षीचेच, पण यंदा जेटीवर चर्चा वेगळी आहे. आपल्या घरांतली पोरे म्हणतात, आता दर्यावर जायचे नाही, पिकअप घ्यायची आणि मासळीची भाडी मारायची. स्वतः मालक, स्वतः ड्रायव्हर. कोणी आईचे सोने गहाण ठेवायला निघालाय, कोणी घराच्या कागदावर कर्ज काढायला.

सोसायटीचे मत सरळ सांगतो. गाडी घेणे चांगलेच. मासळी आपली, बर्फ आपण आणलेला आणि भाडे बाहेरच्या गाडीवाल्याच्या खिशात, हे किती वर्षे चालवायचे? पण "गाडी आधी घेऊ, भाडे मागून बघू" म्हणणाऱ्याला आम्ही थांब म्हणणार. कारणे खाली देतो, शांतपणे वाचा.

आधी हिशेब. समजा ८ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता बसतो जवळपास १७,०००. विमा, टायर, सर्व्हिस, किरकोळ कामे मिळून महिन्याला ८,००० धरा. झाले २५,०००, म्हणजे वर्षाचे ३ लाख. आता बघा, हप्ता १२ महिने भरायचा, पण ट्रॉलरची मासळी येणार १० महिने. म्हणजे कमाईच्या प्रत्येक महिन्यात ३०,००० बाजूला काढायचे. महिन्यात २५ दिवस काम मिळाले तर दिवसाला १,२००. ड्रायव्हर ठेवला असता तर त्याला दिवसाचे ८०० तरी द्यावे लागले असते, ते तुमच्या घामाचे. एकूण २,०००, आणि यात डिझेल नाही.

जाऊन-येऊन ६० किलोमीटरची फेरी, लिटरला १२ किलोमीटर, डिझेल ९० रुपये धरले तर एका फेरीला ४५० जातात. फेरीचे १,५०० मिळतात असे समजू. दिवसाला एकच फेरी झाली तर हातात १,०५० आणि लागतात २,०००. दोन फेऱ्या झाल्या तर २,१०० उरतात, म्हणजे कसेबसे जमले. तिसरी फेरी मिळाली तरच काही शिल्लक. आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदला, पण हिशेब असाच करा. शोरूमवाला फक्त हप्ता सांगतो, ६१ दिवसांची बंदी तो सांगत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. आपल्या हवेत मासळी टिकवायची तर मासळीएवढाच बर्फ लागतो. गाडी दीड टन वाहते म्हणजे मासळी पाऊण टनच, बाकी बर्फ, वर क्रेटचे वजन वेगळे. भाडे ठरवताना व्यापारी फक्त मासळीचे वजन धरतो आणि म्हणतो, अजून दहा क्रेट चढव. नका चढवू. जादा भरल्याचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. दंड भरणार गाडीचा मालक, मासळीचा नाही.

कागदांबद्दल जेटीवर बरेच गैरसमज आहेत. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून, आरसीवर लिहिलेले असते. काही पिकअप या आकड्याच्या वर जातात, म्हणून घेण्याआधी बघा. लायसन्सचे म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. मात्र गाडी व्यावसायिक म्हणूनच नोंदवा, पिवळी नंबरप्लेट, विमा आणि फिटनेस चालू ठेवा. खाजगी नोंदणीच्या गाडीत भाडे मारले आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

आणि एक. मासळी विकणाऱ्या आपल्या बायकांना टोपल्या घेऊन बसमध्ये घेत नाहीत, हे आपण रोज बघतो. त्यांच्या टोपल्या पिकअपने बाजारात पोचवल्या तर मोठी सोय होईल आणि गाडीला कायमचे भाडेही मिळेल. पण टोपल्यांबरोबर बायकांना मागे बसवू नका. मालगाडीत माणसे नेणे कायद्यात बसत नाही, आणि पहाटेच्या अंधारात काही झाले तर भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. भाडे कोणाकडून मिळणार? बऱ्याच पोरांचे उत्तर एकच, "अमक्या एजंटने शब्द दिलाय." एजंटचा शब्द काय असतो हे ट्रॉलरमालकांना विचारा. एजंटकडून उचल घेतली की मासळी त्यालाच, दरही तो म्हणेल तोच. गाडीचे डाउन पेमेंट एजंटने भरले तर वेगळे काही होणार नाही. आरसीवर नाव तुमचे, गाडी फिरणार तो सांगेल तिकडे.

एकाच गिऱ्हाइकावर गाडी घेतल्यावर काय होते ते गोव्याने डोळ्यांनी पाहिले आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत घरटी ट्रक होते. खनिज होते तोवर फेऱ्यांवर फेऱ्या. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खनिज काढणे आणि वाहणे दोन्ही बंद केले. २०१५ मध्ये परत सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीज रद्द ठरवली आणि मार्चमध्ये पुन्हा सगळे ठप्प. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते थांबले नाहीत. सरकारला मदतीच्या योजना काढाव्या लागल्या. ते ट्रकवाले आळशी नव्हते, रात्रंदिवस राबणारी माणसे होती. पण त्यांच्या ट्रकला खनिजाशिवाय दुसरे काम नव्हते.

मासळीतही असे होऊ शकते. २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचे प्रकरण झाले, बाहेरच्या मासळीवर काही काळ बंदी आली, पुढे त्या मासळीला इन्सुलेटेड गाडीची अट आली. ज्यांच्याकडे साध्या उघड्या गाड्या होत्या त्यांचे भाडे बसले.

म्हणून आम्ही म्हणतो, गाडी घेण्याआधी निदान तीन गिऱ्हाइके हवीत आणि त्यातले एक मासळीबाहेरचे हवे. पाण्याचे कॅन, नारळ, बांधकामाचे सामान, घर बदलणाऱ्यांचे सामान, काहीही. पण मासळीचा वास मारणाऱ्या गाडीत कोणी आपले कपाट आणि गादी भरणार नाही. मासळी झाकणाच्या टबमध्येच भरा, हौदात उघडी टाकू नका. रोज गोड्या पाण्याने गाडी खालूनसुद्धा धुवा. मासळीचे खारे पाणी चासी आणि ब्रेकचे पाइप खाते. ते रस्त्यावर गळले तर मागून येणारा दुचाकीवाला घसरतो आणि शिव्या आपल्या सगळ्यांना बसतात.

इन्सुलेटेड गाडीला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदान ठेवले होते. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या अर्ज घेतात का, हे मच्छीमारी खात्यात आधी विचारा आणि मगच शोरूममध्ये जा. घरातल्या बाईच्या नावाने गाडी घेण्याचाही विचार करा, पण मग हिशेबाची वहीही तिच्याच हातात द्या.

पोरांना एवढे सांगितले, आता मालकांना सांगतो. गाडी आपल्या पोराने घेतली तर भाडे त्याला द्यायची तयारी आहे का? काही मालक म्हणतात, जो स्वस्त नेईल त्याला देऊ. बोलणे चुकीचे नाही, धंदा तुमचा आहे. पण सीझन सुरू झाला, बांगडा-तारली एकदम आली की बाहेरचा गाडीवाला जास्त देईल त्याच्याकडे पळतो आणि तुमचे क्रेट उन्हात. एक तास उशिरा पोचलेल्या मासळीचा दर किती पडतो हे आम्ही सांगायला नको. आपल्यातला गाडीवाला जेटी सोडून जाणार नाही.

म्हणून सोसायटीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, सभासदांच्या गाड्यांची वही ठेवावी आणि नंबराने भाडे द्यावे. दोन, दर लेखी असावा आणि डिझेल वाढले-उतरले तसा बदलावा. तीन, भाड्याचे पैसे दर शनिवारी चुकते करावेत. "मासळीचे पैसे आले की देतो" हे चालणार नाही, बँक तसे ऐकत नाही.

आणि एक कडू गोष्ट. आपल्या जेटीवर दोन-तीन गाड्यांपुरतेच काम आहे. सहा घेतल्या तर सहाही उपाशी. ज्याचा नंबर लागणार नाही त्याने रागावू नये. पहिल्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून एक सीझन काढावा, गिऱ्हाइके ओळखावीत, मग स्वतःची घ्यावी. पहाटे तीनला उठून रोज गाडी काढणे जमते की नाही, हेही कर्ज डोक्यावर घेण्याआधीच कळेल.

१ ऑगस्टच्या आधी सर्वसाधारण सभा घेतो आहोत. गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांनी वरचा हिशेब कागदावर मांडून आणावा, मालकांनी रोज किती क्रेट देऊ शकतात तो आकडा आणावा. दोन्ही कागद टेबलावर एकत्र ठेवू, मग ठरवू. तोपर्यंत कोणी सोने गहाण ठेवू नये, एवढीच विनंती.



सचिव, आपली सोसायटी