चंद्र, छप्पर आणि चिरंजीव

आमच्या तालुक्यात एक साप्ताहिक निघते. त्यात लग्नाच्या जागांच्या जाहिराती आणि दशक्रियेच्या सूचना यांच्या मधोमध एक चौकट असते, आणि त्या चौकटीतून पुण्यात बी. ए.च्या शेवटच्या वर्षात शिकणारे एक चिरंजीव दर आठवड्यास जगाची फेरमांडणी करीत असतात. आजवर मी त्यांचे चौदा लेख वाचले. पहिल्या लेखात त्यांनी भांडवलशाही मोडीत काढली. दुसऱ्यात सरकार ही मुळातच दडपशाही असल्याने ते नाहीसे झाले पाहिजे, असे त्यांनी बजावले. तिसऱ्यात प्रत्येकाला घर, नोकरी, औषध आणि फुकट शिक्षण सरकारने दिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या लेखात नाहीशा झालेल्या सरकारने तिसऱ्या लेखातली ही कामे कुठे बसून करायची, एवढे सांगायचे मात्र राहून गेले. परीक्षापद्धती रद्द करावी, हा लेख मार्च महिन्यात आला. त्यातली कळकळ खरी होती, हे मला मान्य आहे.

हे सगळे मी शेंगदाणे खात खात वाचले असते आणि सोडून दिले असते. पण गणपतीच्या सुमारास चौदावा लेख आला आणि शेंगदाणा घशात अडकला. लेखाचा विषय चांद्रयान. ज्या देशातल्या शाळांची छपरे गळतात त्या देशाने चंद्रावर यान पाठवणे म्हणजे उपाशी माणसाच्या तोंडाला अत्तर फासणे होय. अवकाशसंशोधन हा भरल्या पोटाच्या लोकांचा पतंग आहे. ते खाते बंद करून त्या पैशाने गळकी छपरे दुरुस्त करावीत, असा एकंदर सूर. पुढे दाखला म्हणून एका गळक्या शाळेचे वर्णन आहे. समुद्राकडच्या भिंतीला ओल, सातवीच्या वर्गात बादली, चित्रकलेच्या कपाटावर ताडपत्री.

ते कपाट माझे आहे. ताडपत्रीही माझीच, पदरचे पैसे घालून आणलेली. चिरंजीव आमच्याच शाळेतले. मी त्यांना पाच वर्षे चित्रकला शिकवली. त्यांचे वर्तुळ कधी मिटत नसे. सुरुवात आणि शेवट यांची गाठ पडायच्या आत त्यांचे लक्ष दुसरीकडे जाई. आता ती सवय लिखाणात आली आहे, एवढेच. तेव्हा माझे छप्पर मला न विचारता वापरले, याचा जाब विचारण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. मी मॅट्रिक झालेला मास्तर. राजकीय अर्थशास्त्र मला कळत नाही. पण कौले, वासे आणि पत्रे यांच्याशी माझा जुना परिचय आहे.

प्रथम हिशेब. २०२३ सालच्या २३ ऑगस्टला जे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्या मोहिमेला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. देशाच्या लोकसंख्येने भागले तर माणशी साडेचार रुपयेही भरत नाहीत. एवढ्यात आमच्या एस. टी. स्टँडवर चहाचा अर्धा पेला मिळत नाही. आणि सबंध अवकाश विभागाचे घ्यायचे, तर २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात त्याला सुमारे १३,००० कोटी होते आणि एकूण अर्थसंकल्प ४८ लाख कोटींच्या घरात होता. म्हणजे शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. उरलेले नव्व्याण्णव रुपये त्र्याहत्तर पैसे कोठे जातात, यावर चिरंजीवांचा लेख अद्याप यायचा आहे.

आता आमच्या छपराची कथा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर चढून आले. वादळ यायच्या आधीच त्याची वाट कळली होती. उपग्रह वरून पाहत होते, हवामानखाते इशारे देत होते, आणि किनाऱ्यावरची वस्ती आदल्या दिवशीच आत हलवण्यात आली. टाळेबंदीचे दिवस. तोंडाला फडकी बांधलेली माणसे टेम्पोत दाटीवाटीने बसली होती. त्या टेम्पोत आमचे स्तंभलेखकही होते. तेव्हा ते नुकतीच नववी संपवून बसलेले. मांडीवर आजीचे बोचके आणि हातात कोंबडी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घराचे छप्पर उडाले, आमच्या शाळेचे उडाले, साऱ्या वाडीच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आजी शाबूत. नातवाचा प्रत्येक लेख ती शेजाऱ्याकडून वाचून घेते. हा लेखही तिने ऐकला असेलच.

याच समुद्रात १९४७ सालच्या १७ जुलैला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडाली. सहाशेवर माणसे गेली, आणि पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितले तेव्हा मुंबईला ती बातमी कळली. अजूनही आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांसमोर ते नाव काढले की ती क्षणभर गप्प होतात. वरून पाहणारा डोळा हा भरल्या पोटाचा पतंग आहे, हे वाक्य पुण्याच्या खोलीत सुचते. रेवसच्या धक्क्यावर सुचणार नाही.

पण मला एकतर्फी बोलायचे नाही. ओरिसात १९९९ साली महावादळ आले तेव्हाही आपले उपग्रह वर होतेच, तरी सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत खाली निवारे झाले, रस्ते झाले, आणि इशारा आला की उठून धावणारी माणसे तयार झाली. वरचा डोळा कितीही तीक्ष्ण असला तरी खालचा हात हलायला लागतो.

आमच्याकडे अडले ते या खालच्या हातापाशी. शाळेच्या छपराचे पैसे मंजूर झाले होते. पत्रेही आले. पण आलेले पत्रे आखूड. वाशांवर टेकले की मध्ये वीतभर फट राहायची. बिल मात्र पुऱ्या मापाचे निघाले. तेव्हापासून पाच पावसाळे आम्ही त्या फटीखाली आकाशदर्शन करतो. हे पैसे बंगळुरूस गेले नाहीत. ते इथेच, हाकेच्या अंतरावर जिरले. जे सरकार चंद्रापर्यंतचे पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटर बिनचूक जाते, त्याला तालुक्याच्या कचेरीपासून आमच्या शाळेपर्यंतचे अठरा किलोमीटर का जमत नाहीत? चिरंजीवांनी हा प्रश्न विचारला असता तर मी त्यांचा लेख कातरून फळ्यावर चिकटवला असता. परंतु चंद्राला शिव्या दिल्या तर चंद्र काही करीत नाही. कंत्राटदाराचे नाव घेतले तर तो घरी येतो.

अवकाशाच्या खर्चावर टीकाच करू नये, असे माझे म्हणणे नाही. १९६९ साली ‘अपोलो ११’ उडण्याच्या आदल्या दिवशी रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी गरीब कुटुंबे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन थेट उड्डाणस्थळी गेले. नासाचे प्रमुख टॉमस पेन त्यांना उघड्यावर येऊन भेटले आणि म्हणाले, उद्या कळ न दाबल्याने तुमचे दारिद्र्य संपणार असेल तर आम्ही कळ दाबणार नाही. मग पेननी अंतराळवीरांसाठी प्रार्थना करायला सांगितले आणि ॲबरनॅथींनी ते कबूल केले. याला टीका म्हणतात. आपल्याकडे थुंब्याला १९६३ च्या २१ नोव्हेंबरला पहिला अग्निबाण उडाला, त्यासाठी कोळ्यांनी आपली वस्ती सोडली आणि चर्चही दिले. त्या कोळ्यांना काय मिळाले, असे विचारता आले असते. त्यासाठी थोडे वाचावे लागते.

त्या २३ ऑगस्टला संध्याकाळी मी मुलांना शाळेत थांबवून घेतले होते. बाहेर पाऊस, आत बादलीत ठिबक, आणि एका मोबाइलभोवती चाळीस डोकी. यान उतरल्यावर पोरे ओरडली, मीही ओरडलो. त्यानंतर वर्तमानपत्रांनी चार दिवस जो नगारा वाजवला तो मलाही सोसवला नाही, तेव्हा त्याबद्दल चिरंजीवांनी जे लिहिले आहे ते खुशाल खरे मानावे. पण त्या संध्याकाळी सहावीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, तिथे पाऊस पडतो का?” मी म्हटले, नाही. ती म्हणाली, “मग तिथे छप्पर लागत नसेल.” आणि तिने वहीत यान काढले, भोवती वर्तुळ काढले. ते मिटलेले होते.

या मुलीला चंद्र हवा की छप्पर, असे विचारणारे आपण कोण? पुण्यातल्या मुलांना कोणी असे विचारीत नाही. त्यांना दोन्ही मिळते. गरिबाच्या पोरानेच तेवढी एक वस्तू निवडायची, आणि तीही दुसऱ्याने तिच्या वतीने निवडायची, हे कुठले साम्य? चिरंजीव दर लेखात ज्यांचा कैवार घेतात, त्यांच्या वाट्याचे आकाश त्यांनी परस्पर विकून टाकले आहे.

छपराच्या अर्जाची नक्कल, आखूड पत्र्यांचे माप आणि पुऱ्या बिलाची प्रत माझ्या त्याच कपाटात, त्याच ताडपत्रीखाली आहे. अर्जाचा जावक क्रमांकही आहे. पंधराव्या लेखासाठी हवे असल्यास चिरंजीवांनी दिवाळीच्या सुटीत येऊन घेऊन जावे. येणे न जमल्यास पत्ता कळवावा. टपालखर्च मी सोसेन.