कायदे सभागृहाचे कीं समितीचे ?

अमेरिकेच्या राज्यघटनेची स्तुति करणें हा आमच्याकडील सुशिक्षितांचा जुना परिपाठ आहे. काँग्रेसनें कायदे करावे, अध्यक्षानें ते अंमलांत आणावे आणि न्यायालयानें त्यांचा अर्थ लावावा, ही वांटणी आमचे विद्यार्थी परीक्षेंत बिनचूक उतरवितात. परंतु काँग्रेस कायदे करते म्हणजे प्रत्यक्षांत कोण करतें, हा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें खरी मेख तेथेंच आहे.

घटनेच्या पहिल्या कलमानें कायदे करण्याचे अधिकार काँग्रेसच्या दोन सभागृहांस दिले आहेत. त्याच कलमाच्या आठव्या पोटकलमांत कर, व्यापार, नाणें, युद्ध इत्यादि विषयांची यादी आहे. समित्यांच्या अधिकारांविषयीं मात्र तेथें अवाक्षरहि नाहीं. प्रत्येक सभागृहानें आपल्या कामकाजाचे नियम आपण ठरवावे, असें पांचव्या पोटकलमांत म्हटलें आहे. तेवढ्याच आधारावर समित्यांचा सारा पसारा उभा आहे. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन यांनीं १८८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, काँग्रेसचें खरें काम सभागृहांत न होतां समित्यांच्या खोल्यांत होतें, असें स्पष्ट दाखविलें होतें.

यावर समित्यांचे कैवारी म्हणतात कीं, प्रतिनिधिगृहांत ४३५ सभासद. इतक्यांनीं एकत्र बसून प्रत्येक मसुद्याचा कीस काढणें अशक्य. हें आम्हांस मान्य आहे. साक्षी घेणें, आंकडे तपासणें, कलमांची भाषा घोटणें हीं कामें थोड्यांनींच करावयाचीं असतात. परंतु छाननी करणें निराळें आणि गळा दाबणें निराळें. समितीनें मसुदा परत पाठविलाच नाहीं, तर सहसा त्यावर सभागृहाचें मत पडतच नाहीं. आणि बहुसंख्य मसुद्यांचा शेवट आजहि असाच होतो. ना नामंजुरीचा ठराव, ना विरोधकांचीं नांवें, ना कारणें !

याचें मोल कोणीं दिलें, हें कृष्णवर्णी नागरिकांच्या हक्कांच्या इतिहासांत पाहावें. महत्त्वाचे मसुदे सभागृहापुढें केव्हां व कोणत्या अटींवर यावे हें प्रतिनिधिगृहाची नियमसमिती ठरविते. तिचे अध्यक्ष, व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, हे या हक्कांचे कट्टे विरोधक. १९५७ सालीं नागरी हक्कांचा मसुदा पुढें असतां, आपला गोठा जळाला असें सांगून ते शेतावर निघून गेले, आणि समितीचें काम खोळंबलें. १९६३ च्या अखेरीस त्यांनीं पुन्हां तोच पवित्रा घेतला. समितीच्या हातून मसुदा काढून घेण्यास २१८ सभासदांच्या सह्यांचा अर्ज लागतो. तसा अर्ज फिरूं लागला, तेव्हां कोठें जानेवारी १९६४ मध्यें सुनावणी सुरू झाली. १० फेब्रुवारीस सभागृहानें तो मसुदा २९० विरुद्ध १३० मतांनीं मंजूर केला. इतक्या मोठ्या बहुमतास जें हवें होतें, तें एका गृहस्थाच्या मर्जीसाठीं ताटकळत राहिलें ! सिनेटमध्यें तर मिसिसिपीच्या जेम्स ईस्टलंड यांची न्यायसमिती वगळूनच मसुदा पुढें न्यावा लागला.

हें सर्व आतां जुनें झालें, असें कोणी म्हणेल. १९७५ सालीं तीन ज्येष्ठ समिती-अध्यक्षांना त्यांच्याच पक्षानें दूर केलें, व ज्येष्ठतेची मिरास ढिली झाली, हें खरें. परंतु किल्ली पक्षनेत्यांच्या कमरेला गेली, एवढाच फरक. कुलूप तेंच राहिलें. वरील अर्जावर कोणीं सही केली हें १९९३ पर्यंत सह्या पुऱ्या होईतों गुप्त ठेवीत असत. मतदारांपुढें मसुद्याचे गोडवे गावे आणि आंत सही टाळावी, ही सोय त्यामुळें झाली होती.

समित्या मोडाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या मसुद्यास सभागृहांत पुरेसे पाठीराखे आहेत, तो ठराविक मुदतींत समितीनें आपल्या अनुकूल वा प्रतिकूल शिफारशीसह परत पाठविलाच पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें. नाकारावयाचें तर उघड नाकारावें, म्हणजे मतदारास जाब विचारतां येतो. घटना वाचतांना अधिकार कोणास दिला एवढेंच न पाहतां तो कोणाच्या मुठींत राहतो हेंहि ज्यास पाहतां येत नाहीं, त्याचें घटनेचें ज्ञान परीक्षेपुरतेंच समजावें.