बांधावरची बाभूळ गेली, सोनपाखरू राहणार कुठं?

पावसाळा लागला की पोरं बाभळीखाली जमायची. चकाकणारं सोनपाखरू धरायचं, काडेपेटीत ठेवायचं, वर बाभळीचा पाला. त्यानं अंडी घातली की शाळाभर गाजावाजा. आता तेच पोरांना मोबाईलवर दाखवावं लागतंय.

फवारणीला दोष देऊन हे प्रकरण संपत नाही. मादी मातीत अंडी घालते, अळी जमिनीखाली मुळं खाऊन वाढते. पाऊस पडला की भुंगा वर येतो, पाला खातो आणि काही आठवड्यांत मरतो. म्हणजे आपल्याला दिसतो थोडे दिवस, बाकी सगळा मुक्काम मातीतच.

पूर्वी बाभूळ कुऱ्हाडीनं तोडायचे, औताला नाहीतर जळणाला. खोड जायचं, माती जागेवर राहायची. आता रस्ता रुंद करायचा, बांध कोरायचा म्हटलं की जेसीबी मुळासकट माती उलटी करतो. अळ्या उघड्यावर पडतात, वर खायला पालाही उरत नाही.

बाभळीच्या सावलीत पीक येत नाही हे खरंय, माझ्याही बांधालगतच्या दोन ओळी पिवळ्या राहतात. पण शेळ्यांना शेंगा कुठून आणणार? ओढ्याकडेच्या, पडीक कोपऱ्यातल्या दोन-चार बाभळी तरी मशीनवाल्याला आधीच दाखवून ठेवा. तो विचारत बसत नाही.